व्यंकटीमामांची साखळी

एक

नव्या लेथला भेग गेलीय, हे सगळ्यात आधी व्यंकटीमामांच्या बोटांना कळलं. फडक्यानं मशीनचा मागचा पाय पुसता पुसता त्यांचा हात थांबला, परत मागं गेला, आणि म्हातारा तिथंच खाली बसला. पेढ्यांचा पुडा अजून अर्धा शिल्लक होता. टायरवाले, पानपट्टीवाले, समोरचे बियाणंवाले, सगळे नवी मशीन डोळे भरून बघून, तोंड गोड करून नुकतेच पांगले होते.

"हुमा," मामा म्हणाले, "जरा उजेड धर बेटा."

हुमानं मोबाइलचा उजेड पाडला. पायावर वरून निघालेली केसाएवढी रेघ तिरकी होत मागं वळली होती. पाय बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड वाकत नाही, झुकत नाही, मोडतं तेवढं. आणि मोडक्या पायावरच्या लेथवर काम करणं म्हणजे थरथरत्या हातानं सुईत दोरा ओवणं. एवढी महागामोलाची मशीन, पण आता शोभेलाही धड नव्हती.

औशात पाशामियाँचं वर्कशॉप कुठंय म्हणून विचारा, माणूस हातातलं काम टाकून दाखवायला येतो. पाशामियाँ गेले तेव्हा गावानं ठरवून टाकलं होतं की आता शटर पडणार. पोरगी काय लेथ चालवणार? हुमानं चालवली. अब्बांच्या जुन्या लेथवर तिनं ऊसतोडीच्या यंत्रांचे शाफ्ट उतरवले, मळणीयंत्रं जिवंत केली, आणि बोलणारी तोंडं आपोआप तिच्याच दारात कामं घेऊन उभी राहिली. ही नवी लेथ मात्र तिची स्वतःची होती, नांदेडच्या शिवशंकरशेठच्या गोदामातून आलेली. फोनवर सौदा करताना तिनं शेठला ठणकावून सांगितलं होतं, "क्रेन नको. उतरवायला आमचे व्यंकटीमामा आहेत."

आता ती मशीनभोवती एक फेरी मारून आली. मशीनच्या लांबट पाठीच्या, बेडच्या, दोन्ही बाजूंच्या खाचांत सोयाबीनचे चार दाणे अडकले होते. चकावर, म्हणजे मशीनच्या फिरत्या तोंडावर, कंपनीनं थापलेलं पिवळंधमक ग्रीस जसंच्या तसं होतं, वर धुळीची साय धरलेली. तिनं त्यात बोटानं एक रेघ ओढली, उगाचच, रागानं. बाकी वर्कशॉप नेहमीसारखंच होतं. जुन्या लेथवर, ड्रिलवर, ऐरणीवरसुद्धा दसऱ्याचं कुंकू अजून टिकून होतं. कोपऱ्यातला तुटक्या दांड्याचा हातप्रेस तेवढा कोरडा होता.

"कप्पीवर साखळीची एक कडी सटकली व्हती," मामा खाली बघत म्हणाले. "आवाज झाला न्हवं? सगळ्यांनी ऐकला. माझ्याच हातून गेलं हे."

त्यांनी कमरेची वर्कशॉपची किल्ली सोडली आणि अब्बांच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली. पाशामियाँनी ती त्यांच्या हातात दिली तेव्हापासून ती तिथं एकदाही लटकली नव्हती.

दोन

शिवशंकरशेठचा आवाज फोनवरसुद्धा तूप लावल्यासारखा यायचा.

"फोटो बघितले, ताई. वाईट वाटलं. पण आमच्याकडून मशीन धड निघाली, गाडीत चढताना तुमच्या ड्रायव्हरनं बघितली. आता भांडून काय उपयोग? 'उतरवताना आमच्या माणसाच्या हातून पडली' एवढं लिहून द्या. विमा आहे. नवी मशीन दारात उभी करतो. कुणाचं काही जात नाही."

"मामांचं नाव जातं," हुमा म्हणाली.

"म्हातारं माणूस आहे, ताई. चुकतं. कोण लक्षात ठेवतंय?"

औसा लक्षात ठेवतं, हे शेठला माहीत नव्हतं. पन्नास गावच्या मोटारी, बॉयलर, रोलर ज्या माणसानं एका साखळीवर उतरवले, त्याच्याबद्दल उद्या पानपट्टीवर म्हणणार, व्यंकटीच्या हातून पाशामियाँच्या पोरीची मशीन गेली. आणि ते कागदावर, पाशामियाँच्या शिक्क्यासकट. हुमानं फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी मामा स्वतःच घरी आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "लिहून दे बेटा. मशीन तर येईल. माझं काय, मी आता कितीसं काम करणार?"

हुमाची अम्मी हुसेनबी चुलीजवळून उठून आली. "व्यंकटीभाई, आत या आधी. दारात उभं राहून असली बात करतेत का?"

"मामा," हुमा म्हणाली, "मशीन गोदामातून नवी मागवता येते. नाव कुठल्या गोदामातून मागवू?"

म्हातारा उंबरा ओलांडून आत आला. हुसेनबीनं चहाचा कप पुढं केला, तो त्यांनी घेतला.

हुमानं अंधार पडायच्या आत मामांना हाताला धरून वर्कशॉपात आणलं. मशीन ज्या लाकडी ओंडक्यांवर टेकवली होती ते पहारीनं एकेक बाहेर काढले. रेल्वेचे जुने स्लीपर ते, मामांनीच कधीकाळी आणलेले. भेगेच्या पायाखालचा ओंडका तिनं उजेडात आडवा धरला, त्यावरून तळवा फिरवला, आणि हसली.

"मामा, हात लावा."

मामांनी हात लावला. लाकूड सपाट होतं. ना खळगा, ना कडेचा टवका.

"बीड मोडावं इतक्या जोरानं पाय आदळला असता तर आधी लाकडानं बोंब मारली असती. तुमची कडी सटकली, मशीन झुलली, पण आदळली नाही. तुम्ही धरली तिला."

मामांचे डोळे भरले. पण मान ताठ झाली नाही. "हे तुला कळलं. शेठला कोण कळवणार? म्हणंल, लाकूड बदललं."

तेही खरंच होतं. पण हुमाला स्वतःपुरतं समजलं होतं की भेग औशात पडलेली नाही. मग राहिली वाट आणि राहिलं गोदाम.

गाडीवाला बसवंत उदगीरकडचा. तो दुसऱ्या दिवशी लातूरच्या आडत बाजारात सापडला, गाडीच्या सावलीत भाकरी खात होता. हुमाला बघून त्याच्या हातातला घास जागच्या जागी राहिला.

"अक्का, माझ्या गाडीत काय बी झालं न्हाई. नांदेड, लोहा, अहमदपूर, सरळ औसा. कुठं बी थांबलो न्हाई, काय बी भरलं न्हाई."

हुमानं पदराची गाठ सोडली आणि सोयाबीनचे चार दाणे त्याच्या भाकरीशेजारी ठेवले. "मग हे काय लेथला लागलेलं फळ हाय?"

बसवंतनं घास खाली ठेवला.

तीन

"मेव्हण्याची पोती व्हती," तो शेवटी म्हणाला. "लोह्याहून घेतली, हितं बाजारात टाकली. शेठनं सांगितलं व्हतं, दुसरा माल भरायचा न्हाई. म्हणून लपवलं. पण अक्का, आईची आण, पोती मशीनच्या दोन्ही अंगाला लावली व्हती. तुमची मशीन गादीवर झोपल्यावानी आली. पोती नसती तर एखादेवेळी हलली असती."

हुमाला ते पटलं. चोरानं चोरी कबूल करताना सांगितलेली गोष्ट बहुधा खरी असते, आणि दाणे दोन्ही बाजूंच्या खाचांत होते.

"उलट माझीच गाडी घाण झाली," बसवंतला आता धीर आला होता. "मशीनच्या मागच्या पायाखाली पांढरी भुकटी सांडली व्हती, चुन्यावानी. झाडून काढली."

"आधीच्या मालाची असेल."

"आधी कडबा व्हता, अक्का."

हुमानं ते मनात ठेवलं. कशाला ठेवलं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिथून तिनं तशीच नांदेडची बस धरली.

शिवशंकरशेठचं गोदाम बघण्यासारखं होतं, आणि शेठला ते दाखवण्याची हौस होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढराशुभ्र सदरा, गळ्यात इष्टलिंगाचा शिवदारा. त्यांनी हुमाला खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि आदबीनं दोन्ही हात जोडून फोनवरचं तेच वाक्य लिहिलेला कागद पुढं केला. हुमा म्हणाली, सही काय, करीनच. आधी गोदाम तर बघू द्या.

लेथ मशिनी ओळीनं उभ्या होत्या, आणि ओळीच्या मधोमध एक जागा रिकामी होती, फरशीवर धुळीची चौकट राहिलेली.

"तुमची तिथंच होती," शेठ म्हणाले. "श्रावणात माल आला, तेव्हापासून विकेपर्यंत जागची हलली नाही. कुणाचं बोट लागलं नाही."

हुमा ओळीतून चालत गेली. प्रत्येक मशीनच्या चकावर ते कंपनीचं पिवळं ग्रीस होतं, आणि प्रत्येकाच्या ग्रीसमध्ये अंगठ्याएवढं कुंकू रुतून बसलं होतं. काहींना वाळलेला झेंडू चिकटलेला. ती थांबली.

शेठला वाटलं, पाहुणी कौतुकानं बघतेय. त्यांची छाती फुगली. "खंडेनवमीची पूजा, ताई. नोकरांवर सोडत नाही मी. आंघोळ करून, उपाशीपोटी, एकेका यंत्रापुढं उभा राहून स्वतःच्या हातानं. वडिलांपासूनची रीत आहे. चकाच्या तोंडावरच लावायचं, जिथून यंत्र फिरतं तिथं. फोर्कलिफ्ट घ्या, वजनकाटा घ्या, शटरचं कुलूपसुद्धा सोडत नाही."

हुमानं शटरकडे बघितलं. कुलपावर कुंकू होतं.

"एखादं राहून जात असेल," ती सहज म्हणाली.

"ताई, देवाच्या कामात शिवशंकर चुकत नाही," शेठ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

हुमा काही वेळ रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. मग वळून म्हणाली, "शेठ, तुमच्या कागदावर सही होईल. पण औशात, मशीनसमोर, मामांच्या देखत. तुम्हाला यावं लागेल."

शेठनं आनंदानं मान हलवली. बसमध्ये बसल्यावर हुमानं अम्मीला फोन करून सांगितलं, "अम्मी, व्यंकटीमामांना म्हणावं, उद्या पूजेचं ताट घेऊन या. हळद, कुंकू, सगळं."

"अगं, मोडक्या मशीनची पूजा करतेत का कुठं?" हुसेनबी म्हणाली.

"नाही करत," हुमा म्हणाली. "तेच तर."

चार

शेठ आले ते पांढऱ्या गाडीतून, कागद खिशात घेऊन. वर्कशॉपात मामा होते, बसवंत होता, हुसेनबी स्टुलावर बसली होती. टायरवाले आणि पानपट्टीवाले बोलावल्याशिवायच आले होते. औशात फुकटचा तमाशा कुणी सोडत नाही.

"आणा, कुठं सही करू?" हुमा म्हणाली. "पण सही करणाऱ्यानं काय लिहिलंय ते समजून घ्यावं म्हणतेत. तीन ठिकाणी मशीन मोडू शकते. इथं, वाटेत, नाहीतर गोदामात. इथं मोडली असती तर खालच्या लाकडाला वळ उठला असता. लाकूड हे बघा. वाटेत मोडली असती म्हणावं, तर बसवंत तिला सोयाबीनच्या पोत्यांत गुंडाळून घेऊन आला. बसवंत, सांग."

बसवंतनं खाली मान घालून सांगितलं. शेठनं त्याच्याकडे जळजळीत नजर टाकली.

"राहिलं गोदाम," हुमा म्हणाली.

"ताई, लाकूड बदलता येतं, ड्रायव्हर फितवता येतो," शेठ म्हणाले. "ह्याला पुरावा म्हणत नाहीत."

"बरोबर. म्हणून तुमचाच पुरावा आणलाय. मशीनच्या तोंडाकडे बघा."

सगळ्यांनी चकाकडे बघितलं. पिवळं ग्रीस, धुळीची साय, आणि त्यात हुमानं ओढलेली एक रेघ. दुसरं काही नव्हतं.

"श्रावणापासून ही तुमच्या ओळीत मधोमध उभी. खंडेनवमीला तुम्ही उपाशीपोटी एकेका यंत्राला कुंकू लावलं. हिच्या डावीकडच्या मशीनला आहे, उजवीकडच्या मशीनला आहे, कुलपाला आहे. हिला का नाही?"

शेठच्या कपाळावरची विभूती ओली व्हायला लागली. "पुसलं असेल कुणीतरी."

"पुसायचं तर ग्रीस पुसावं लागतं. धूळ तरी मोडली असती. ही माझ्या बोटाची एक रेघ सोडली तर हिला कुणी शिवलेलं नाही."

"मग राहून गेलं असेल."

"देवाच्या कामात शिवशंकर चुकत नाही," हुमा म्हणाली. "काल तुम्हीच म्हणालात, आणि मला ते पटलं. शेठ, तो कोपऱ्यातला हातप्रेस बघा. दांडा तुटलाय. ह्या वर्कशॉपात दसऱ्याला ऐरणीलासुद्धा कुंकू लागतं, त्याला लागत नाही. मी लहान असताना मामांना विचारलं होतं, ह्याला का सोडलं? मामा, काय म्हणाला होतात तुम्ही?"

व्यंकटीमामांनी पहिल्यांदाच मान वर केली. "भंगलेलं पुजत न्हाईत, बेटा. आधी नीट करायचं, मग पुजायचं."

टायरवाल्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"मामा, भेगेच्या मागच्या टोकाला, जिथं रंग जरा जास्तच चकाकतोय, तिथं खरवडा."

मामांनी पटाशी लावली. रंगाचा पापुद्रा उडाला आणि खालून पांढरी भुकटी गळाली.

"हीच की ओ अक्का!" बसवंत ओरडला. "हीच माझ्या गाडीत सांडली व्हती."

"पुट्टी," हुमा म्हणाली. "भेग आधीच होती. कुणीतरी ती भरून वर रंग मारला. वाटेत गाडी जरा हलली, पुट्टी गळाली, आणि आमच्या मामांच्या बोटांना खरं काय ते कळलं."

शेठ अजून हरले नव्हते. मुरलेला व्यापारी तो. "बिडाच्या ओतकामात खड्डे राहतात, ताई. कंपन्याच पुट्टी भरतात. कारखान्यातूनच तशी आली असेल, मला कसं ठाऊक असणार?"

"मला हाच प्रश्न पडला होता," हुमा म्हणाली. "पुट्टी भेग सांगते. भेग तुम्हाला ठाऊक होती हे कुंकू सांगतं." तिनं हात केला. हुसेनबी उठली आणि मामांनी आणलेलं ताट घेऊन शेठसमोर उभी राहिली. हळद, कुंकू, अक्षता, तेवणारी वात. "ह्यावर हात ठेवून एवढंच म्हणा, की खंडेनवमीला ही मशीन भंगलेली आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी सही करते. मामांच्या नावासकट."

शेठ ताटाकडे बघत राहिले. त्यांचा हात उठला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि परत सदऱ्याच्या कडेला आला. मग त्यांनी खिशातला कागद काढून मुठीत चुरगळला.

"गणपतीच्या आधी," ते म्हणाले. आवाजातलं तूप उतरलं होतं. "फोर्कलिफ्टचा दात बसला. मीच चालवत होतो. कंपनी परत घेईना, म्हणून भरून घेतली. वाटलं, खपून जाईल. नवमीला ताट घेऊन हिच्यासमोर उभा राहिलो, ताई. लई वेळ उभा राहिलो. बोट पुढं गेलंच नाही."

"देवापुढं तुमचं बोट खोटं बोलेना," हुमा म्हणाली. "आणि आमच्यापुढं जीभ खुशाल बोलली. देवाची तेवढी भीती, आणि ह्या माणसाची काहीच नाही?"

तरी त्या क्षणी हुमाला त्यांची थोडी कदरच वाटली. निदान एका ठिकाणी तरी ह्या माणसाला खोटेपणा जमला नव्हता. पण कदर वेगळी आणि हिशेब वेगळा.

"मशीन तर तुम्ही द्यालच," ती म्हणाली. "ते मागायला मी तुम्हाला औशापर्यंत बोलावलं नाही. फोनवर जे माझ्या कानात बोललात, ते उलटं करून इथं सगळ्यांच्या देखत बोला."

शिवशंकरशेठ व्यंकटीमामांसमोर गेले. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस तेलकट बनियनमधल्या माणसासमोर हात जोडून वाकला, आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हातून काही गेलं नाही. माझ्या हातून गेलं होतं."

मामांनी शेठचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले. "चुकी यंत्रातून बी व्हते, माणसातून बी. नीट केलं की परत पुजता येतं." आणि पुढं, अगदी व्यवहाराच्या सुरात, "नवी धाडा. पण क्रेन धाडू नका."

हुमानं अब्बांच्या फोटोकडे बघितलं. तिच्या छातीत काहीतरी रुंद होत गेलं, आणि तिनं ते लपवलं नाही. टायरवाल्यालाही दिसलं असणार, कारण पेढे पुन्हा कधी वाटणार म्हणून तो लगेच विचारायला लागला.

दिवाळी सरून तुळशीची लग्नं लागली तेव्हा बसवंतची गाडी परत दारात उभी राहिली. ह्या वेळी गाडीत पोती नव्हती. होते ते शिवशंकरशेठ, स्वतः, ड्रायव्हरशेजारी. ताडपत्री निघाली. हुमानं पाय बघितले नाहीत, बेड बघितला नाही, सरळ चकाकडे गेली. पिवळ्या ग्रीसमध्ये अंगठ्याएवढं कुंकू होतं, ओलंच, लालभडक.

"सकाळी निघतानाच लावलं," शेठ म्हणाले.

हुमानं मान हलवली आणि मागं वळली. अब्बांच्या फोटोखालचा खिळा रिकामा होता. किल्ली मामांच्या कमरेला होती, आणि हातात तीच जुनी साखळी.

"उतरवू का?" मामांनी विचारलं.

"उतरवा," हुमा म्हणाली, आणि शेठना दारातून जरा बाजूला केलं, म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांना नीट दिसेल.